सोसायटीचा हिशेब, जीएसटीची जुळवणी, परीक्षेचा निकाल: स्प्रेडशीटमध्ये वेळ नेमका कुठे वाचतो?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. ठाण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार म्हणून संस्थेचा हिशेब मी स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपले की लेखापरीक्षकांना तक्ते द्यायचे असतात, थकबाकीदारांची यादी करायची असते आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे खर्चाचे विश्लेषण मांडायचे असते. या कामांत जाणारा वेळ पुष्कळ कमी करता येतो, परंतु त्यासाठी लोक सर्वप्रथम नवनवीन सूत्रे शोधू लागतात. माझ्या मते सुरुवात तेथून होऊ नये. नोंदी भरण्याची रीत योग्य असेल तर चार-पाच साध्या सोयींनी बहुतेक काम होते, आणि ती रीत चुकलेली असेल तर कोणतेही सूत्र फार काळ साथ देत नाही.

बहुतेक संस्थांमधला तक्ता असा असतो: डावीकडे फ्लॅट क्रमांक, वर एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात जमा झालेली रक्कम. डोळ्यांना तो सुटसुटीत वाटतो. मात्र एखाद्या सभासदाने दोन महिन्यांची रक्कम एकत्र भरली, त्यात काही व्याजाची होती आणि ती धनादेशाने आली, हे त्या चौकटीत लिहायला जागाच नसते. मग कोणी चौकटीला पिवळा रंग देतो, कोणी कोपऱ्यात टीप जोडतो, आणि वर्षअखेरीस त्या रंगांचा अर्थ शोधण्यात संध्याकाळी जातात. रंगाची बेरीज करता येत नाही, म्हणून जी माहिती पुढे मोजायची आहे ती रंगात कधीही ठेवू नये.

मी एकच लांब यादी ठेवतो. तारीख, फ्लॅट क्रमांक, आकारणी की भरणा, शीर्ष (सेवा शुल्क, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, व्याज), रक्कम, भरण्याचा मार्ग आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असे तिचे सात रकाने आहेत. एक नोंद म्हणजे एक ओळ. मध्ये रिकामी ओळ नाही, मधल्या बेरजा नाहीत, जोडलेल्या चौकटी नाहीत. यादीत कुठेही उभे राहून कंट्रोल आणि टी ही कळ दाबली की एक्सेल तिला ‘टेबल’ मानते, आणि त्यानंतर खाली नवी ओळ लिहिली की सूत्रे आपोआप त्या ओळीपर्यंत पोहोचतात. याच यादीवर पिव्होट टेबल, म्हणजे यादीचा सारांश मांडणारा तक्ता, काढले की फ्लॅटवार, महिनावार, शीर्षवार असा हवा तो तक्ता रकान्यांची नावे ओढून ठेवण्याच्या वेळात तयार होतो. वर सांगितलेला बारा महिन्यांचा तक्ताही त्यातून निघतो. तो हाताने भरावा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

थकबाकीवरील व्याज हा दुसरा वेळखाऊ भाग आहे. आम्ही स्वीकारलेल्या उपविधींत दसादशे २१ टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा आहे. एक्सेल प्रत्येक तारीख आत एका क्रमांकाच्या रूपात साठवते, त्यामुळे भरण्याच्या तारखेतून देय तारीख वजा केली की दिवस मिळतात. रक्कम गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५ असे सूत्र लिहावे. ४,५०० रुपये ६० दिवस थकले तर व्याज १५५ रुपये ३४ पैसे येते. दिवस ऋण येऊ नयेत म्हणून त्यांना मॅक्स या सूत्रात शून्यासोबत बसवावे, म्हणजे मुदतीपूर्वी भरणाऱ्याला उलटे व्याज लागत नाही. दराचा आकडा सूत्रात न लिहिता एका वेगळ्या चौकटीत ठेवावा आणि सूत्रात तिचा उल्लेख करताना एफ-४ ही कळ दाबून तो पक्का करावा. सर्वसाधारण सभेने दर बदलला तर एकच चौकट बदलावी लागते.

आपापल्या कामात कोणत्या सोयीने खरोखर वेळ वाचतो, आणि कोणती सोय वेळ वाचवल्याचा नुसता भास निर्माण करते, ते सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.

नवखा सचिव

धागा अगदी वेळेवर आला. आमची संस्था लहान आहे आणि माझ्याकडे मागील तीन वर्षांचे तक्ते नेमके आपण वर्णन केलेल्या बारा रकान्यांच्या स्वरूपात आले आहेत. ते लांब यादीत आणायचे तर शेकडो चौकटी एकेक करून उतरवाव्या लागतील. एवढ्या लहान संस्थेसाठी हे श्रम घ्यावेत का?

गणितशिक्षिका

सचिवसाहेब, एकही चौकट हाताने उतरवू नका. शाळेच्या निकालपत्रकाची रचना अगदी अशीच असते, डावीकडे विद्यार्थी आणि वर विषय, त्यामुळे हे काम मला नेहमी करावे लागते.

एक्सेलच्या ‘डेटा’ या विभागात ‘फ्रॉम टेबल’ असा पर्याय असतो. तो निवडला की पॉवर क्वेरीची, म्हणजे माहिती आत घेऊन तिची मांडणी बदलणाऱ्या सोयीची, खिडकी उघडते. ही सोय २०१६ च्या आवृत्तीपासून एक्सेलमध्येच अंतर्भूत आहे. तिथे फ्लॅट क्रमांकाचा रकाना निवडून त्यावर उजवी कळ दाबावी आणि ‘अनपिव्होट अदर कॉलम्स’ हा पर्याय घ्यावा. बारा आडवे रकाने तत्क्षणी उभ्या यादीत येतात: फ्लॅट, महिना, रक्कम. आधी जोडलेल्या चौकटी सुट्या कराव्यात आणि मधल्या बेरजांच्या ओळी गाळाव्यात, एवढी पूर्वतयारी पुरते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. चौकट अगदी रिकामी असेल तर अनपिव्होट करताना ती ओळ वगळली जाते. भरणा न झालेला महिना यादीत दिसायला हवा असेल तर त्या चौकटींत आधी शून्य भरून घ्यावे.

शून्य आणि रिकामी चौकट यांतला भेद आमच्या क्षेत्रात फार महत्त्वाचा आहे. ॲव्हरेज हे सूत्र रिकाम्या आणि मजकूर असलेल्या चौकटी सोडून देते, शून्य मात्र मोजते. पाच विद्यार्थ्यांपैकी तिघांना ४०, ५० आणि ६० गुण आहेत आणि दोघे गैरहजर आहेत असे समजा. गैरहजरांसमोर ‘गैह’ लिहिले तर सरासरी ५० येते, शून्य लिहिले तर ती ३० वर घसरते. दोन्ही आकडे सूत्राच्या दृष्टीने बरोबर आहेत, पण वर्गाला विषय किती समजला हे सांगण्यासाठी पहिलाच योग्य आहे. कोणत्या विषयाला अधिक तासिका द्याव्यात असे निर्णय अशा सरासरीवरून होतात, म्हणून गुण भरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने गैरहजेरी एकाच खुणेने नोंदवावी असा माझा आग्रह असतो. ‘डेटा व्हॅलिडेशन’ने त्या रकान्यात ० ते १०० मधील संख्या किंवा ती ठरावीक खूण एवढेच स्वीकारले जाईल असा नियम लावता येतो. तपासणीचा सर्वांत मोठा वेळ त्यामुळेच वाचतो.

उभी यादी झाली की ३५ पेक्षा कमी गुण असलेले विद्यार्थी विषयवार मोजायला काउंट-इफ्स हे अटींनुसार नोंदी मोजणारे एक सूत्र पुरते, आणि तुकडीवार तुलना हवी असेल तर पिव्होटमध्ये तुकडी हा रकाना वर ठेवावा.

करसल्लागार

मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या व्यवसायातील उदाहरण देतो, कारण वेळेचा हिशेब तिथे रोख दिसतो.

जीएसटीमध्ये दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास करदात्याला जीएसटीआर-२बी हे विवरण उपलब्ध होते आणि ते एक्सेल स्वरूपात उतरवून घेता येते. पुरवठादारांनी आपल्या नावे दाखवलेली बीजके त्यात असतात. १ जानेवारी २०२२ पासून जे बीजक पुरवठादाराने दाखवलेलेच नाही त्यावरील कराची वजावट घेता येत नाही, त्यामुळे खरेदी नोंदवही आणि २बी यांची ओळीला ओळ जुळवणी करणे भाग असते. हे काम छापील कागदांवर टिकमार्क करत करणारी कार्यालये आजही आहेत.

अडचण बेरजेची नसते, ती बीजक क्रमांकाच्या लिहिण्यात असते. पुरवठादार तिरकी रेघ देऊन क्रमांक लिहितो, आपला लिपिक आडवी रेघ देतो, तिसरा कोणी रेघच गाळतो. येथे कायदाच आपल्या मदतीला येतो. नियम ४६ प्रमाणे बीजक क्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा असू शकत नाही आणि त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ व तिरकी रेघ यांव्यतिरिक्त काहीही चालत नाही. म्हणजे काढून टाकायची चिन्हे दोनच आहेत. सब्स्टिट्यूट हे सूत्र एकात एक असे दोनदा वापरून दोन्ही रेघा काढाव्यात, त्यावर ट्रिम लावून कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि शेवटी अप्परने सर्व अक्षरे मोठी करावीत. असा ‘स्वच्छ क्रमांक’ दोन्ही याद्यांत तयार करून त्याच्यापुढे पुरवठादाराचा १५ चिन्हांचा जीएसटी क्रमांक जोडला की जुळवणीची किल्ली तयार होते.

रेघा काढल्याने क्वचित दोन निराळी बीजके एकसारखी दिसू लागतात. १-१२ आणि ११-२ हे दोन्ही ११२ होतात. म्हणून किल्ली जुळली तरी करपात्र रक्कम एक रुपयाच्या फरकात जुळते का, ही दुसरी तपासणी अनिवार्य मानावी.

जुळवणीसाठी मी सूत्रांऐवजी पॉवर क्वेरीतील ‘मर्ज’ वापरतो आणि जोडणीचा प्रकार ‘फुल आउटर’ ठेवतो. दोन्हीकडे असलेली, केवळ आपल्या वहीत असलेली आणि केवळ २बीमध्ये असलेली अशी तिन्ही प्रकारची बीजके एकाच तक्त्यात येतात. पुरवठादाराला पत्र लिहायचे असते ते दुसऱ्या गटासाठी. तिसऱ्या गटात आपल्याकडे नोंदवायची राहिलेली बीजके सापडतात. पुढच्या महिन्यात नव्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवून ‘रिफ्रेश’ केले की सगळ्या पायऱ्या पुन्हा त्याच क्रमाने पार पडतात. जे काम दर महिन्याला तसेच्या तसे करावे लागते त्यासाठी पॉवर क्वेरीइतके हितकारक साधन एक्सेलमध्ये दुसरे नाही, असे मी जबाबदारीने सांगतो.

जीएसटी क्रमांकातून आणखीही माहिती मिळते. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, तर तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा चिन्हे म्हणजे पॅन क्रमांक. लेफ्ट आणि मिड या दोन सूत्रांनी हे दोन्ही वेगळे काढता येतात. महाराष्ट्रातील व्यापाऱ्याच्या वहीत पुरवठादार आणि पुरवठ्याचे ठिकाण दोन्ही २७ चे असताना आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा कर, लागलेला दिसला, तर ते बीजक तपासायला काढावे.

सूत्रप्रेमी

चर्चा उत्तम चालली आहे. सूत्रांची बाजूही मांडली जावी म्हणून लिहीत आहे.

बहुतेक आवृत्त्यांत पिव्होट टेबल मूळ यादी बदलल्यावर स्वतःहून बदलत नाही. ‘रिफ्रेश’ करावे लागते. सभेच्या दिवशी शेवटच्या क्षणी एक पावती नोंदवली आणि पिव्होट जुनाच राहिला, तर सभासदांपुढे चुकीचा आकडा जातो. जो आकडा सतत ताजा हवा, उदाहरणार्थ बँकेतील शिल्लक किंवा एकूण थकबाकी, तो सम-इफ्स या अटींनुसार बेरीज करणाऱ्या सूत्राने काढावा. शोधण्यासाठी पिव्होट आणि कायमच्या तक्त्यासाठी सूत्रे, अशी माझी विभागणी आहे.

व्ही-लुकअप, म्हणजे एका रकान्यात नोंद शोधून तिच्यासमोरची माहिती आणणारे सूत्र, याविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. त्याचा चौथा भाग लिहायचा राहिला तर ते अचूक जुळणीऐवजी अंदाजे जुळणी करते आणि कोणताही दोष न दाखवता भलतेच उत्तर देते. शिवाय मध्ये एक रकाना वाढवला की त्यात लिहिलेला रकान्याचा क्रमांक चुकतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणलेल्या एक्स-लुकअपमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत, कारण ते मुळातच अचूक जुळणी करते आणि त्यात रकान्याच्या क्रमांकाऐवजी उत्तराचा रकानाच निवडून द्यायचा असतो; तो डावीकडचा असला तरी चालतो. मात्र ते एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये चालते, २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत नाही. आपली फाइल ज्यांच्याकडे जाणार आहे त्यांच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे आधी विचारून घ्यावे.

दोष आल्यास त्याजागी आपण दिलेले उत्तर दाखवणाऱ्या इफ-एररचा सरसकट वापर टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक सूत्रावर ते पांघरले की तक्ता देखणा दिसतो, पण नाव न सापडणे आणि रक्कम शून्य असणे या दोन भिन्न गोष्टी एकसारख्याच दिसू लागतात. न सापडलेल्या नोंदीसमोर निदान ‘सापडले नाही’ एवढे तरी उमटावे.

फिल्टर लावलेल्या यादीची बेरीज समने केली तर झाकलेल्या ओळीही मोजल्या जातात. तिथे सबटोटल वापरावे आणि त्याचा पहिला भाग ९ ठेवावा. हाताने लपवलेल्या ओळीही वगळायच्या असतील तर १०९.

नवखा सचिव

शिक्षिकाताई, आपण सांगितल्याप्रमाणे तिन्ही वर्षांचे तक्ते उभ्या यादीत आले. मनापासून आभार. आता बँकेचे खातेउतारे त्या यादीशी ताडून पाहायचे आहेत. बँकेच्या संकेतस्थळावरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल मिळते, पण उघडल्यावर काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसतात, आणि यूपीआयचे क्रमांक विचित्र रूपात येतात. यावर उपाय सांगावा.

जमाखर्च

सचिवसाहेब, ही अडचण गंभीर आहे, कारण तीत डावीकडच्या तारखांपेक्षा उजवीकडच्याच अधिक फसव्या असतात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल पहिला आकडा महिना मानते. ०५/०४ ही ५ एप्रिलची तारीख ४ मे म्हणून स्वीकारली जाते आणि उजवीकडे नीट बसते. २५/०४ मध्ये २५ हा महिना असू शकत नाही, म्हणून ती तारीख मजकूर बनून डावीकडे राहते. लोक डावीकडच्या दुरुस्त करतात आणि उलटलेल्या तशाच राहतात.

सीएसव्हीवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नये. रिकाम्या फाइलमधून ‘डेटा’ आणि मग ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ या मार्गाने ती आत घ्यावी, आणि पॉवर क्वेरीत तारखेच्या रकान्याचा प्रकार ‘यूजिंग लोकेल’ या पर्यायाने इंग्रजी (भारत) असा ठरवावा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक १२ अंकी असतो, आणि ११ अंकांहून मोठी संख्या एक्सेल साध्या चौकटीत घातांकाच्या रूपात दाखवते. तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घेतला की क्रमांक जसाच्या तसा राहतो. १५ पेक्षा अधिक अंकांच्या खाते क्रमांकांबाबत तर हे अत्यावश्यक आहे, कारण १५ अंकांनंतरचे अंक एक्सेल शून्य करून टाकते आणि ते परत मिळवता येत नाहीत. ज्या संख्येची आपण कधी बेरीज करणार नाही ती संख्या नव्हेच, ती मजकूर म्हणून साठवावी: फ्लॅट क्रमांक, खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, पिनकोड.

झटपट तपासणीची एक युक्ती सांगतो. रकमांचा पूर्ण रकाना निवडला की खालच्या पट्टीवर बेरीज, सरासरी आणि नोंदींची संख्या दिसते. त्या पट्टीवर उजवी कळ दाबून ‘न्यूमरिकल काउंट’ही चालू करावे. एकूण नोंदी आणि संख्या असलेल्या नोंदी या दोन आकड्यांत फरक दिसला तर काही रकमा मजकूर म्हणून बसल्या आहेत आणि त्या बेरजेतून गळत आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळते. शीर्षकाच्या चौकटीचा एकाचा फरक तेवढा सोडून द्यावा.

म्युनिकवासी

तारखांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी जर्मनीत काम करते आणि पुण्यातील सहकाऱ्यांकडून आम्हाला रोज फाइली येतात. येथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, तर तारीख लिहितानाही मध्ये टिंबच असते. परिणामी भारतातून आलेल्या सीएसव्हीतील १२.५ हा आकडा येथील एक्सेल १२ मे ही तारीख समजते. पुढे ती चौकट संख्येच्या मांडणीत आणली तरी १२.५ परत येत नाही, तारखेचा अंतर्गत क्रमांक दिसतो. एक्सेलची स्वतःची फाइल पाठवली तर ही अडचण येत नाही, कारण तिच्यात संख्या संख्येच्याच रूपात साठवलेली असते. सूत्रांची नावेसुद्धा उघडणाऱ्याच्या भाषेत आपोआप बदलतात आणि व्ही-लुकअप येथे एस-फेअरवाइस म्हणून दिसते. परदेशी कार्यालयाला आकडे पाठवणाऱ्यांनी सीएसव्ही शक्यतो टाळावी, आणि पाठवावीच लागली तर तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी.

जुन्या एक्सएलएस स्वरूपातही आकडे पाठवू नयेत. त्यात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, तर २००७ पासूनच्या नव्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत नेमक्या याच कारणाने, फाइल भरल्यावर पुढच्या नोंदी आत न आल्याने, १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. फाइलच्या स्वरूपाची निवड किती गंभीर असू शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्यासमोर नाही.

मुक्तस्रोत

प्रत्येकाकडे एक्सेलचा परवाना असेलच असे नाही. अनेक संस्था आणि शाळा लिब्रेऑफिस कॅल्क वापरतात, आणि ते विनामूल्य आहे. पिव्होट टेबल, सम-इफ्स, सबटोटल, डेटा व्हॅलिडेशन हे सारे त्यात आहे, आणि २४.८ या आवृत्तीपासून एक्स-लुकअप, फिल्टर, सॉर्ट आणि युनिक ही सूत्रेही आली आहेत. पॉवर क्वेरी मात्र त्यात नाही, त्यामुळे करसल्लागारांची पद्धत तशीच्या तशी वापरता येणार नाही. तिथे किल्लीचा रकाना करून काउंट-इफ्सने दोन्ही बाजूंनी मोजणी करावी. ज्या किल्लीपुढे शून्य येईल ती दुसऱ्या यादीत नाही.

मराठीत माहिती भरणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा मांडतो. जुन्या टंकांत, म्हणजे कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या टंकांत भरलेली नावे पडद्यावर मराठी दिसतात, पण फाइलच्या आत ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. युनिकोडमधील नावाशी ती कधीच जुळत नाहीत आणि वर्णानुक्रमेही लागत नाहीत. अशा याद्या आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात. युनिकोडमध्येही ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. दिसायला दोन्ही सारखे, पण लेन या सूत्राने लांबी मोजली तर आकडा वेगळा येतो. गावांच्या किंवा सभासदांच्या नावांवरून जुळवणी करणाऱ्यांनी हे अवश्य तपासावे. सर्वांत बरे म्हणजे जुळवणी नावावरून करूच नये, क्रमांकावरून करावी. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच भरावेत, आणि छापताना देवनागरी हवे असतील तर ते रूप चौकटीच्या मांडणीतून द्यावे.

सूत्रप्रेमी

मुक्तस्रोत यांचा अदृश्य चिन्हांचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला पूरक म्हणून लिहितो: संकेतस्थळावरून उचललेल्या मजकुरात बहुधा न तुटणारी मोकळी जागा येते, जिचा क्रमांक १६० आहे, आणि ट्रिम ती काढत नाही. सब्स्टिट्यूटमध्ये कॅर १६० लिहून ती आधी साध्या जागेत बदलावी, त्यानंतर ट्रिम करावे.

पहिले नाव आणि आडनाव वेगळे करणे किंवा मोठ्या पत्त्यातून पिनकोड काढणे अशा कामांसाठी २०१३ पासून असलेले फ्लॅश फिल पाहावे. शेजारच्या रकान्यात एक-दोन उदाहरणे हाताने लिहून कंट्रोल आणि ई दाबले की उरलेला रकाना त्याच धर्तीवर भरतो. ते सूत्र नसते, मूळ मजकूर बदलल्यावर उत्तर बदलत नाही, म्हणून एकदाच करायच्या साफसफाईपुरतेच ते योग्य.

पाटबंधारे

मी या विषयात नवीन आहे, पण एक विचारतो. चॅटजीपीटीसारख्या साधनाला पूर्ण यादी देऊन उत्तरच मागितले तर हे सारे शिकण्याची आवश्यकता उरते का?

करसल्लागार

आपण उत्तर मागू नये, सूत्र मागावे. सूत्र चौकटीत दिसते, तपासता येते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वापरता येते. आयते मिळालेले उत्तर कसे आले हे लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही. सूत्र मागताना रकान्यांची नावे आणि दोन-तीन बनावट ओळी दिल्या तरी पुरते. सभासदांची किंवा ग्राहकांची नावे, खाते क्रमांक, पॅन क्रमांक बाहेरच्या संकेतस्थळावर टाकू नयेत. ती माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते.

नवखा सचिव

खातेउताऱ्याच्या तारखा आता नीट आल्या आहेत आणि उलटलेल्या तारखा खरोखरच होत्या. शेवटचा प्रश्न. १ एप्रिलला नवी फाइल सुरू करून मागील शिलकी पुढे ओढायच्या, की जुनीच यादी पुढे चालू ठेवायची? आमच्याकडे दरवर्षी नवी फाइल करण्याची प्रथा आहे, आणि शिलकी उतरवताना दरवेळी काही ना काही जुळत नाही.

जमाखर्च

जुनीच यादी पुढे चालू ठेवावी. एक्सेलच्या एका पानावर दहा लाखांहून अधिक ओळी मावतात. कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला त्या अनेक दशके पुरतील. आरंभीच्या शिलकी केवळ एकदा, यादी प्रथम सुरू करताना, प्रत्येक फ्लॅटसाठी एक ओळ याप्रमाणे लिहाव्यात. त्यानंतर कोणत्याही दिवसाची शिल्लक म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या आकारणीतून भरणा वजा केलेली रक्कम, आणि ती सम-इफ्सने निघते. शिलकी ओढण्याचे कामच उरत नाही, त्यामुळे त्यातील चुकाही उरत नाहीत.

वर्षवार तक्ते हवे असतात म्हणून यादीत ‘आर्थिक वर्ष’ असा आठवा रकाना सूत्राने ठेवावा. ई-डेट या सूत्राने तारीख तीन महिने मागे न्यावी आणि तिचे वर्ष काढावे. ३१ मार्च २०२५ ही तारीख ३१ डिसेंबर २०२४ वर जाते आणि वर्ष २०२४ मिळते; १ एप्रिल २०२५ ही १ जानेवारी २०२५ वर जाते आणि २०२५ मिळते. पिव्होटमध्ये हा रकाना वर ठेवला की तीन वर्षांची तुलना शेजारी शेजारी दिसते.

बँकेशी ताळा दर महिन्याला घ्यावा, वर्षाअखेरीस नाही. यादीतील बँकेच्या मार्गाने झालेला भरणा आणि खातेउताऱ्यातील जमा यांतील फरक एका चौकटीत ठेवावा आणि तो शून्य नसेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगने ती चौकट लाल व्हावी. यादीत खर्चाच्या नोंदीही ठेवत असाल तर नावे बाजूसाठी, म्हणजे खात्यातून गेलेल्या रकमांसाठी, अशीच दुसरी चौकट करावी.

लेखापरीक्षण पूर्ण झालेल्या वर्षाच्या ओळींना आम्ही हात लावत नाही. त्यात दोष आढळलाच तर जुनी ओळ तशीच ठेवून आजच्या तारखेची उलट नोंद आणि तिच्याखाली योग्य नोंद लिहितो, आणि संदर्भाच्या रकान्यात मूळ पावतीचा क्रमांक देतो. आपल्या जुन्या तक्त्यांत ज्या रकमा जुळत नाहीत त्यांच्यासाठीही हीच रीत वापरा, आणि त्या नोंदींची वेगळी यादी फिल्टरने काढून पुढील समिती सभेत मंजुरीसाठी ठेवा.